अभियंत्याच्या अभ्यासाचे ओझे

ज्या विद्येचा सारा व्यवहार भार आणि आधार यांच्या हिशेबावर चालतो, त्या विद्येचा विद्यार्थी आपल्या डोक्यावर किती भार घ्यावा याचा हिशेब क्वचितच करतो. तुळई किती वजन तोलील, बंधाऱ्याची भिंत पाण्याचा किती रेटा सोशील, हे तो पहिल्या-दुसऱ्या वर्षीच शिकू लागतो. परंतु एका सहामाहीत आपल्या हातून किती विषय नीट होतील, हा प्रश्न त्यास कोणी विचारीत नाही आणि तोही कोणास विचारीत नाही. अभ्यासाचे ओझे ही जणू पावसासारखी दैवाधीन गोष्ट आहे, अशीच बहुतेकांची समजूत दिसते. वस्तुतः हे ओझे माणसांनीच वेळोवेळी, काही हेतू मनात धरून, ठरविलेले आहे. ते कोणी, कधी व का ठरविले, याचा थोडासा शोध घेण्याचा या लेखात आमचा विचार आहे.

हा शोध आजच घेण्याचे कारण असे की, विद्यार्थ्याच्या हाती निवडीचा अधिकार आता कोठे येऊ लागला आहे. कुंडलिकेच्या काठच्या नवीन जालन्याचेच उदाहरण घेऊ. येथील पेठेतल्या दुकानदाराचा मुलगा, मोंढ्यात हमाली करणाऱ्याची मुलगी किंवा अंबड-परतूरकडून शिक्षणासाठी येऊन राहिलेले शेतकऱ्याचे पोर अभियांत्रिकीस गेले म्हणजे त्याच्यापुढे केवळ नेमलेले विषय नसतात. वैकल्पिक विषय, ऑनर्स, दुसऱ्या शाखेचा जोडविषय म्हणजे ‘मायनर’, संगणकावरून घ्यावयाचे ‘स्वयम्’चे अभ्यासक्रम आणि मागील परीक्षेत राहून गेलेले विषय अशी मोठी पंगत मांडलेली असते. या वाटेने पूर्वी गेलेले माणूस घरात बहुधा नसते. मग ‘जितके अधिक तितके बरे’ हा बाजारातील नियम ते येथेही लावते, आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पाहावे तो घेतलेले अर्धे हातात आणि अर्धे डोक्यावर अशी स्थिती झालेली असते. एक वर्ष वाया जाणे ही श्रीमंताच्या घरी केवळ खंत असते. ज्या घरात शिष्यवृत्तीच्या आणि उसन्या पैशांच्या जोरावर शिक्षण चालले आहे, तेथे ते शिक्षण कायमचे थांबण्याचेही कारण होते. म्हणून हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

‘अधिक ते बरे’ हा नियम विद्यार्थ्याने स्वतः शोधलेला नाही. तो त्यास वारशाने मिळालेला आहे. तो वारसा कोठून आला हे पाहिल्यावाचून तो राखावा की टाकावा हे ठरविता येणार नाही.

आमच्या देशात बांधकामाची विद्या होती, तेव्हा तिला अभ्यासक्रम नव्हता. जालन्यातच सोळाव्या शतकात जमशेदखानाने काळी मशीद उभारली, मोती तलाव बांधला आणि त्या तलावाचे पाणी जमिनीखालून नळांनी शहरात आणले. हे काम करणाऱ्या कारागिरांनी कोठे परीक्षा दिली नव्हती. ती विद्या बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई. तीत ओझे नव्हते असे नव्हे. पण एक काम हातात बसल्याशिवाय दुसरे हातात येत नसे. ओझ्याची वाढ हाताच्या तयारीच्या मागून चाले. त्या पद्धतीत पुष्कळ उणिवा होत्या, आणि तीकडे परत जावे असे कोणी म्हणणार नाही. तथापि एवढे ध्यानात ठेवावे की, ‘इतक्या महिन्यांत इतके विषय’ ही कल्पना तिच्यात मुळीच नव्हती. ही कल्पना आली ती सरकारी नोकरीच्या वाटेने.

इ. स. १८५४ साली पुण्यास ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाची शाळा निघाली. रस्ते, पूल, कालवे व इमारती यांची कामे झपाट्याने वाढत होती, आणि त्या कामांवर देखरेख करण्यास दुय्यम दर्जाचे नोकर सरकारला पाहिजे होते. शाळेचा हेतू एवढाच होता, आणि अभ्यासही त्या हेतूला धरून बेताचा असे. मालकाला जेवढे काम करून घ्यावयाचे तेवढे नोकरास शिकवावयाचे, असा हा सरळ व्यवहार होता. १८६६ साली ही संस्था मुंबई विद्यापीठास जोडली गेली व एल. सी. ई. ही स्थापत्यविद्येची परीक्षा तेथून देता येऊ लागली. त्याबरोबर अभ्यासाच्या ओझ्याचे स्वरूपही पालटले. आता केवळ कामापुरते ज्ञान पुरेना. विद्यापीठाच्या इभ्रतीस शोभेल असे गणित, पदार्थविज्ञान व इंग्रजी यांचे पाठबळ हवे झाले. पुढे या संस्थेचे ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले, १९११ साली ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ झाले, आणि २०२२ साली तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नावे बदलली, परंतु एल. सी. ई.च्या काळात पडलेली एक सवय मात्र टिकून राहिली.

ती सवय म्हणजे क्रमांकाची. त्या काळी परीक्षेत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांसच सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअरची जागा हमखास मिळे. बाकीच्यांस ओव्हरसिअरकी किंवा मिळेल ती नोकरी पत्करावी लागे. एका जागेसाठी अनेक जण धावू लागले म्हणजे ‘मला पुरेसे किती’ हा विचार मागे पडतो आणि ‘शेजाऱ्यापेक्षा अधिक किती’ हा विचार पुढे येतो. आमच्याकडील अभियांत्रिकीच्या अभ्यासात ‘अधिक ते बरे’ या नियमाने जे मूळ धरले ते येथे, असे आम्हांस वाटते. तो नियम ज्ञानाच्या लोभाने नव्हे, जागांच्या टंचाईने निर्माण झाला.

या पद्धतीतून निघालेले सर्वांत मोठे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे. तेव्हा त्यांचे उदाहरण पुष्कळ वेळा अधिक ओझ्याच्या समर्थनार्थ देण्यात येते. पण त्यांचे चरित्र नीट पाहिले तर वेगळेच दिसते. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असता ते शिकवण्या करून आपला निर्वाह करीत. तेथे त्यांनी बी. ए. पुरे केले. त्यानंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाल्यावर ते पुण्यास आले आणि १८८३ साली स्थापत्याच्या परीक्षेत पहिले आले. म्हणजे पुण्यास ते येऊन पोहोचले तेव्हा गणित व विज्ञान यांचा मोठा भाग त्यांनी आधीच पचविलेला होता, आणि शिष्यवृत्तीमुळे निर्वाहाच्या चिंतेतूनही ते मोकळे झालेले होते. त्यांनी दोन मोठी ओझी उचलली खरी, पण एकामागून एक; एकाच वेळी नव्हे. पुढे १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरानंतर हैदराबाद शहराच्या रक्षणाची योजना आखण्यास ज्या अभियंत्यास निजाम सरकारने बोलाविले, तो अभियंता या क्रमाने घडलेला होता. थोरांच्या यशाची बेरीज सर्वांस पाठ असते. त्या बेरजेतील रकमा कोणत्या क्रमाने मांडल्या गेल्या, हे फारसे कोणी पाहत नाही.

सर्वच विद्यार्थ्यांस असा क्रम साधत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांत अकाली मृत्यूंचे प्रमाण फार आहे, अशी चिंता महाराष्ट्रातील विचारी लोकांस वाटू लागली होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९४ च्या सुमारास हा विषय जाहीरपणे मांडला, आणि परीक्षांच्या एकदम पडणाऱ्या भाराकडे बोट दाखविले. रानडे यांस हे बोलण्याचा अधिकार होता. विद्यार्थिदशेतील अतिवाचनाने त्यांची स्वतःची दृष्टी अधू झाली होती. अकाली मृत्यूची इतर कारणे नव्हती असे नाही. दारिद्र्य, बालविवाह, क्षय, कोंदट बिऱ्हाडे ही सर्व होतीच. तथापि ओझे ही चारित्र्याची कसोटी नसून प्रकृतीचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार विद्यापीठानेच केला पाहिजे, ही गोष्ट एका न्यायाधीशाने सव्वाशे वर्षांपूर्वी बोलून दाखविली, हे आम्ही महत्त्वाचे मानतो.

त्या काळच्या परीक्षेचा एक नियम फार जाचक होता. एका विषयात अनुत्तीर्ण झाले की सारी परीक्षा पुन्हा द्यावी लागे. जे विषय चांगले आले होते तेही पुन्हा. म्हणजे पाचांपैकी चार भिंती उभ्या राहिल्या आणि एक ढासळली, तर चारही पाडून पुन्हा बांधावयाच्या! उत्तीर्ण झालेला विषय उत्तीर्णच राहावा, हे साधे तत्त्व आमच्या विद्यापीठांत रुजावयास पुष्कळ काळ जावा लागला. राहिलेले विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात बसण्याची जी मुभा पुढे मिळाली, तिला विद्यार्थी ‘एटीकेटी’ म्हणतात. तिच्यामुळे वर्ष वाचले, परंतु तिच्यातूनच नवे ओझे जन्मास आले. राहिलेला विषय नाहीसा होत नाही. तो पुढच्या सहामाहीच्या ओझ्यावर जाऊन बसतो. सवलत आणि कर्ज यांतील हा भेद विद्यार्थ्याने ओळखला पाहिजे. एटीकेटी हे कर्ज आहे, आणि त्याचे व्याज वेळेच्या रूपाने भरावे लागते.

येथवर जी हकीगत सांगितली ती ब्रिटिश मुलखाची झाली. जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, आणि तेथील विद्यार्थ्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे होते, ज्याची नोंद कोणत्याही अभ्यासपत्रिकेत नसे. ते म्हणजे परक्या भाषेचे. हैदराबादेस १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि १९२९ साली त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग एका दृष्टीने मोठ्या धाडसाचा होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढून शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणण्यात आले. परंतु ज्या राज्यात प्रजेची बहुसंख्या तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी, तेथे उर्दू ही ‘देशी’ भाषा अनेकांच्या घरची भाषा नव्हती. जालन्याचा मराठी मुलगा हैदराबादेस गेला तर यंत्रशास्त्र उर्दूतून शिके. पुण्यास गेला तर इंग्रजीतून. दोन्हींकडे त्यास आधी शब्द उलगडावा लागे आणि मग सिद्धांत. दोन विद्यार्थ्यांच्या अभ्यासपत्रिका शब्दशः सारख्या असूनही त्यांची ओझी सारखी नसतात, हा धडा मराठवाड्याच्या इतिहासातून जितका स्पष्ट मिळतो तितका क्वचित अन्यत्र मिळत असेल.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि उस्मानियातील माध्यम पुढे इंग्रजी झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यास १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे. १९६० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९८३ पासून राज्यात खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांस परवानगी मिळाली, आणि पूर्वी जेथे जागांची टंचाई होती तेथे जागाच जागा झाल्या. १९८१ साली जिल्ह्याचे ठाणे झालेल्या जालन्यातही तंत्रनिकेतन व अभियांत्रिकी महाविद्यालय आले; आणि १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या एका विभागाच्या रूपाने सुरू झालेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाड्यातील संकुल २०१८ साली याच गावी सुरू झाले. ज्या गावातील मुलास तीन पिढ्यांपूर्वी या विद्येसाठी परमुलखात जावे लागे, त्या गावात आता ती विद्या दाराशी आली आहे. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह इतर प्रादेशिक भाषांतूनही पदवीचे शिक्षण देण्यास मुभा दिल्याने भाषेचे जुने ओझेही काही ठिकाणी हलके होण्याचा संभव आहे. दार उघडले आहे. पण दारातून आत जाताना खांद्यावर किती घ्यावयाचे, हा प्रश्न तसाच राहिला आहे.

या प्रश्नास निश्चित माप देण्याचे काम झाले ते अमेरिकेत. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासून चाळीस वर्षांच्या कारकीर्दीत असे तत्त्व चालविले की, विद्यार्थ्याने आपले विषय पुष्कळ अंशी आपण निवडावे. निवड आली म्हणजे तुलना आली. आणि तुलनेसाठी माप हवे. ते माप प्रथम १९०६ च्या सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानाने रूढ केले, आणि गंमत अशी की, त्याचे निमित्त विद्यार्थी नव्हते, प्राध्यापकांचे निवृत्तिवेतन होते. ज्या महाविद्यालयांनी प्रवेशासाठी ठराविक मापाचा शालेय अभ्यास आवश्यक केला, त्यांच्याच प्राध्यापकांस ते वेतन मिळावयाचे होते. पुढे १९१० साली याच प्रतिष्ठानासाठी मॉरिस कुक याने एक अहवाल लिहिला व त्यात ‘विद्यार्थी-तास’ हे परिमाण मांडले. हा कुक पेशाने यंत्रअभियंता असून कारखान्यांतील कामाचे तास मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलरचा अनुयायी होता. म्हणजे आज ज्यास श्रेयांक अथवा क्रेडिट म्हणतात, त्याच्या जन्माच्या वेळी एक अभियंता हजर होता. या मापावर टीका पुष्कळ झाली, आणि ती रास्तही आहे. कारण ते बसण्याचे तास मोजते, समजण्याचे नव्हे. पण त्याचा एक उपयोग नाकारता येणार नाही. ओझे ही भावनेची गोष्ट न राहता त्यामुळे अंकगणिताची गोष्ट झाली.

अशा निवडीच्या पद्धतीत शिकलेला आमच्याकडचा सर्वांत विख्यात विद्यार्थी अभियंता नव्हता. तथापि त्याचे उदाहरण येथे टाळता येत नाही. डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि याशिवाय मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, फ्रेंच व जर्मन यांचे मिळून सुमारे ६० अभ्यासक्रम घेतले. हा आकडा मराठवाड्यातील विद्यार्थ्यांस अनेकदा ऐकविला जातो, आणि तो ऐकून छाती दडपते. परंतु त्याच चरित्रातील पुढचे पान कोणी वाचून दाखवीत नाही. १९१६ साली ते लंडनला गेले व अर्थशास्त्राबरोबर बॅरिस्टरीचाही अभ्यास त्यांनी हाती घेतला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा तो सर्व अर्धा ठेवून ते परत आले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ ते १९२० पर्यंत त्यांनी अध्यापन केले, पैसा जमविला आणि मग पुन्हा लंडनला जाऊन १९२१ साली एम. एस्सी. व १९२३ साली डी. एस्सी. मिळविली. अपार बुद्धी आणि अपार श्रम असलेल्या माणसासही द्रव्य व काल यांची मर्यादा मान्य करावी लागली. ओझे खाली ठेवावे लागले, आणि योग्य वेळी पुन्हा उचलावे लागले. ६० चा आकडा पाठ करणाराने मधली तीन वर्षेही पाठ करावी.

आमच्या देशातील अभियांत्रिकीत सहामाहीची व श्रेणींची पद्धत प्रथम ठळकपणे आणली ती कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने, साठीच्या दशकात, अमेरिकन विद्यापीठांच्या साहाय्याने. इतर विद्यापीठे सावकाश त्या वाटेस लागली. पण माप आले तरी ओझे घटले नाही. जे जे नवे शास्त्र निघे ते अभ्यासक्रमात शिरे. जुने मात्र काही बाहेर पडत नसे. अखेर जानेवारी २०१८ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला आणि चार वर्षांच्या पदवीचे सुमारे २२० श्रेयांक १६० वर आणले. दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात शासनाच्या बाजूनेच ओझे एवढे उतरविल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही. त्याबरोबर मात्र ज्यास ऑनर्स अथवा मायनर हवा त्याने १८ ते २० श्रेयांक अधिक घ्यावेत, अशी सोय झाली. म्हणजे ६० श्रेयांक सक्तीने काढले, आणि त्यांतील एक तृतीयांश स्वेच्छेच्या दारातून परत आत येऊ दिले. स्वेच्छेचे हे दार वाईट नाही. पण तेथे द्वारपाल विद्यार्थी स्वतः आहे.

आता अंकगणित मांडू. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे १,२०० तास. अर्थात एका श्रेयांकास वर्ग, प्रयोगशाळा व घरचा अभ्यास मिळून ३० तास. १६० श्रेयांक आठ सहामाहींत विभागले तर प्रत्येकीस २० येतात. त्यांचे ६०० तास झाले. सहामाहीचे १५ आठवडे धरले तर दर आठवड्यास ४० तास पडतात. चार श्रेयांकांचा मायनरचा एक विषय घेतला की त्यात ८ तासांची भर पडते. मागे राहिलेल्या तीन-तीन श्रेयांकांच्या दोन विषयांस नेमलेल्या वेळेच्या निम्मा वेळ दिला तरी आठवड्यास आणखी ६ तास लागतात. एकंदर ५४ तास झाले.

आठवड्याचे तास १६८. त्यांतून झोपेचे ५६ आणि जेवण, स्नान वगैरे दैनिक व्यवहारांचे २१ वजा जाता ९१ उरतात. वसतिगृहात राहणाऱ्यास हे ९१ तास मोकळे आहेत. परंतु जो विद्यार्थी नवीन जालन्यातील घरातून साठेक किलोमीटरवरील संभाजीनगरास रोज जातो-येतो, त्याचे जाण्यायेण्यात दिवसाचे तीन तास धरले तर सहा दिवसांत १८ गेले. तो घरच्या दुकानात किंवा कामात रोज दोन तास हात लावीत असेल तर आणखी १४ गेले. त्याच्यापाशी ५९ उरतात. ५९ पैकी ५४ तास अभ्यासास दिले म्हणजे आजारपण, लग्नकार्य, सणवार, मित्र आणि निवांत बसणे या सर्वांस मिळून आठवड्याचे ५ तास राहिले. कागदावर हे जमते. आणि जमते म्हणूनच ते फसवे आहे.

कारण कागदावर जेमतेम जमणाऱ्या गोष्टीवर अभियंता कधीच विश्वास ठेवीत नाही. जालना हे लोखंडी सळयांच्या कारखान्यांचे गाव आहे; तेव्हा सळईचेच उदाहरण घेऊ. ज्या सळईची ताकद प्रत्येक चौरस मिलिमीटरास ५०० न्यूटन म्हणून सांगितलेली असते, तिच्यावर संकल्पक ५०० चा भरवसा टाकीत नाही. भारतीय मानक ४५६ प्रमाणे तो त्या आकड्यास १.१५ ने भागतो आणि सुमारे ४३५ च हिशेबात घेतो. उलट, इमारतीवर येणारा भार मात्र तो नेहमीच्या हिशेबात दीडपट करून धरतो. माल किंचित उणा निघेल, लोक ठरल्यापेक्षा अधिक जमतील, मजूर चूक करील, हे सर्व तो आधीच गृहीत धरतो. या सावधपणास कोणी भित्रेपणा म्हणत नाही. किंबहुना तो ज्याच्या अंगी नाही त्यास अभियंता म्हणत नाहीत.

हाच दीडपटीचा नियम अभ्यासास लावून पाहा. नेमलेल्या २० श्रेयांकांचे ४० तास दीडपट केले तर ६० होतात. घरून जाऊन-येऊन दुकान सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यापाशी ५९ च आहेत. याचा अर्थ असा की, नेमलेला अभ्यास हाच त्याचा पुरता भार आहे. त्यावर मायनर चढविणे म्हणजे तुळई वाकण्याची वाट पाहणे होय. वसतिगृहातील विद्यार्थ्यापाशी ९१ आहेत. त्याने मायनरचे दीडपट १२ तास घेऊन ७२ केले तरी त्याच्यापाशी १९ शिल्लक राहतात. एकच विषय एकास झेपतो आणि दुसऱ्यास झेपत नाही, यात पहिला हुशार आणि दुसरा मठ्ठ असे काहीएक नाही. पूर्वी भाषेने जे केले ते आज अंतराने आणि घरच्या परिस्थितीने होत आहे, इतकेच. अभ्यासपत्रिका सारखी असली तरी आधार सारखे नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, नोकरी देणारे अधिक मागतात, मग अधिक घेतल्यावाचून गती काय? या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु मागणी कशाची आहे हे नीट पाहावे. पुण्याची पहिली शाळा जेव्हा निघाली तेव्हा सरकारास थोडे पण खात्रीचे काम करणारा माणूस पाहिजे होता. आजही जालन्याच्या रोलिंग मिलच्या मालकास किंवा बियाण्यांच्या कंपनीस प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन आलेल्या परंतु मोजमाप चुकविणाऱ्या उमेदवाराचे फारसे अगत्य वाटण्याचे कारण नाही. कुकचे परिमाण तास मोजते, ज्ञान मोजत नाही, हे वर सांगितलेच आहे. तेव्हा श्रेयांकांची बेरीज वाढविणे म्हणजे योग्यता वाढविणे असे समजणे हा हिशेबाचाच दोष आहे. चार विषय पक्के असलेला सहा विषय कच्चे असलेल्यापेक्षा कामावर अधिक उपयोगी पडतो, हे कोणताही मिस्त्री सांगेल.

दुसऱ्या टोकासही जाऊ नये. झेपेल तेवढा अभ्यास याचा अर्थ सोपे तेवढे वेचणे नव्हे. ज्याच्यापाशी वेळ, प्रकृती व साहाय्य आहे, त्याने अधिक घ्यावे आणि आनंदाने घ्यावे. आमचे म्हणणे इतकेच की, घेण्यापूर्वी मोजावे. नव्या विषयावर नाव घालण्याआधी मागचा राहिलेला विषय फेडावा, कारण कर्ज असताना नवी इमारत काढणे शहाणपणाचे नव्हे. एक सहामाही कोणताही विषय मागे न ठेवता पार पडली म्हणजेच ऑनर्स अथवा मायनरचा विचार करावा. वैकल्पिक विषयांची निवड असेल तेथे गणिती कष्टाचे सगळे विषय एकाच सहामाहीत गोळा करू नयेत. आणि घेतलेले ओझे मध्येच जड झाले तर नियमांनी दिलेल्या मुदतीत ते खाली ठेवण्यास लाजू नये. शिक्षकांनी व पालकांनीही ‘एवढेच घेतलेस?’ असे विचारण्याऐवजी ‘आठवड्याचे तास मांडलेस का?’ असे विचारावे.

पुण्याच्या वर्गापासून आजपर्यंत या विद्येचे ओझे प्रथम बांधकाम खात्याने ठरविले, मग विद्यापीठाने, मग परिषदेने. त्यातील लहानसा वाटा आता विद्यार्थ्याच्या हाती आला आहे. हा वाटा मिळविण्यासाठी त्याच्या पूर्वजांपैकी कित्येकांनी डोळे गमावले, कित्येकांनी प्राण गमावले, आणि कित्येकांस परक्या भाषेत वर्षानुवर्षे चाचपडावे लागले. तो वाटा क्रमांकाच्या जुन्या भीतीपायी उधळून टाकणे हे त्या सर्वांच्या कष्टांचे चीज करणे नव्हे. उद्या ज्याच्या हिशेबावर विसंबून शेकडो माणसे पुलावरून जाणार आहेत, त्याने आपला पहिला हिशेब स्वतःच्या आठवड्याचा करावा.